रीटाकडे ब्लाऊज कोण टाकणार?

चार माणसं रोज एका टेबलाभोवती चहा प्यायला लागली की किस्से आपोआप साठतात. वसईतल्या आमच्या मानसिक आरोग्य केंद्रात तर फायलींपेक्षा किस्सेच जास्त!

मी स्कॉटलंडहून सोशल वर्क शिकून आले, तेव्हा वाटलं होतं, लोकांना नीट समजावलं की गैरसमज गळून पडतील. पहिला कार्यक्रम निर्मळला. माझ्या चाळीस स्लाइड्स, समोर अकरा बायका. पडद्यावर ‘मानसिक आजार’ हे शब्द उमटले आणि एक बाई उठली. “आमच्या घरात नाही हो कोणाला तसलं!” तिच्यामागे बाकीच्या दहाही गेल्या.

आमच्या सीनियर हिल्डाताई मागे बसून बिस्किटांचा पुडा फोडत होत्या. “अगं, बंद कर तो प्रोजेक्टर. लाइट वाया जातेय.”

त्याच गावात रीटा भेटली. एके काळी निम्म्या गावाचे ब्लाऊज तीच शिवायची. मग आजारी पडली, कानात आवाज यायला लागले. औषधांनी बरी झाली, पण गिऱ्हाइकं परत आली नाहीत. तिला तेवढंच हवं होतं: बायकांनी पुन्हा कापड घेऊन यावं.

“मी आणते तुझी गिऱ्हाइकं!” मी छातीठोकपणे सांगितलं.

•

एक काका दर महिन्याला औषधं न्यायला यायचे. कोणी ओळखू नये म्हणून हेल्मेट घालून. प्रॉब्लेम एवढाच, की काका यायचे सायकलवर!

दोन फेऱ्यांत बाजारभर चर्चा. शेवटी हिल्डाताईच म्हणाल्या, “काका, काढा ते. औषधांचं कोणाला माहीतही नाही. लोक तुम्हाला वेडा म्हणतायत ते हेल्मेटमुळे!”

•

एकाच सोसायटीतले सावंत आणि कुलकर्णी आमच्या वेटिंग रूममध्ये समोरासमोर आले.

“मिसेसना घेऊन आलोय,” सावंत म्हणाले.

“मी पण!”

पाऊण तास दोघं आपापल्या मिसेसची वाट बघत बसले. मग आतून हाक आली, “सावंतसाहेब, या. कुलकर्णी, तुम्ही त्यांच्यानंतर.”

आता दोघं एकाच रिक्षाने येतात. मिसेस अजून आलेल्या नाहीत.

•

कामणच्या एका आजींचा नातू खोलीबाहेर येईना, कोणाशी बोलेना. आजींचा उपाय ठरलेला. “लग्न लावून देते. होईल बरा.”

“आजी, माझं लग्न होऊन तीस वर्षं झाली,” हिल्डाताई म्हणाल्या. “माझी झोप तेव्हापासूनच गेलीय!”

आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. दुसऱ्या दिवशी नातवाला हाताला धरून केंद्रावर हजर!

मी मात्र हे असलं कुठल्याच कॉलेजात शिकले नव्हते.

•

रीटासाठी मी महिनाभर दारोदार फिरले. “बरी झालीय ती. शिवते किती सुरेख!” सगळ्या मान डोलवायच्या. कापड कोणी काढायचं नाही. एक काकू तेवढ्या खरं बोलल्या, “पोरगी चांगलीच आहे गं. पण माप द्यायला तिच्या एवढं जवळ उभं राहायचं म्हणजे...”

संध्याकाळी रीटाच्या ओट्यावर बसून मी त्या काकूंवर तोंडसुख घेतलं. शिकलेल्या बायका, आणि असे विचार! रीटा आपल्याच जुन्या ड्रेसला हुक लावत होती. मान वर न करता तिने विचारलं,

“मॅडम, पुढच्या महिन्यात तुमच्या भावाचं लग्न ना? ब्लाऊज कोणाकडे टाकला?”

“अजून नाही टाकला,” मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. सोमवारी स्टेशनजवळच्या बुटिकमध्ये टाकायचा होता.

“हं,” रीटा म्हणाली, आणि दोरा तोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आधीच, मी ठरवलं. सिल्कचं ब्लाऊजपीस कपाटातून काढलं, पिशवीत टाकलं आणि स्कूटरवरून थेट निर्मळ गाठलं. रीटाने कापड हातात घेऊन बघितलं. टेप घेऊन माझ्या मागे उभी राहिली, टेप माझ्या छातीभोवती आणली आणि थांबली.

“श्वास सोडा, मॅडम. माप चुकतंय.”