उशाशी ठेवलेली बाटली

मुलांच्या दातांच्या त्या दवाखान्यात तिला सगळे 'हातवाली मावशी' म्हणत. नेमणूक तशी सफाईची. फरशी पुसायची, अवजारं धुऊन निर्जंतुक करायला लावायची. पण खुर्चीतलं मूल सुई पाहून आकांत करू लागलं की डॉक्टरीणबाई मान न वळवता म्हणायच्या, "मावशी, हात." मग मावशी हात पुसून पुढे व्हायची आणि त्या मुलाचे दोन्ही पंजे आपल्या खरखरीत ओंजळीत घ्यायची. मूल गप्प होई. का होई, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नसतं. अकरा वर्षांत किडक्या दातांविषयी ऐकण्यासारखं जे काही असतं ते सारं तिच्या कानांवरून गेलं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या आयांना तीच बजावायची, "झोपेत बाटली देऊ नका हं. गोड दूध दातांवर साचतं. वरचे पुढचे दात आधी जातात."

तिच्या नातीचे वरचे पुढचे चार दात खुंटापर्यंत काळे पडले होते.

नात साडेचार वर्षांची. तिची आई, म्हणजे मावशीची मुलगी, दुसऱ्या शहरात एका कुटुंबात राहून त्यांचं तान्हं बाळ सांभाळायची. महिन्यातून एकदा यायची. दवाखान्याआधी दोन इमारतींचे जिने झाडायचे असल्यामुळे मावशी पहाटे साडेपाचला घर सोडायची. आठ वाजता शेजारीण पोरीला आपल्याकडे नेई, तेही निव्वळ माणुसकीपोटी. मधले अडीच तास पोरगी कडी लावलेल्या खोलीत एकटी असे. ते तिने झोपून काढावेत म्हणून उशाशी बाटली असे: अर्धं दूध, अर्धं पाणी, आणि पाण्याची चव लपावी म्हणून दोन चमचे साखर. चाळवली की पोरगी बाटली चाचपायची, चोखायची, पुन्हा झोपायची. हे चूक आहे, हे त्या वस्तीत मावशीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या अडीच तासांचं काय करायचं, ते दवाखान्यात कुणी शिकवत नव्हतं.

मध्यंतरी तिने बाटलीत नुसतं पाणी भरून पाहिलं. पोरगी रडत उठू लागली. तिसऱ्या दिवशी शेजारणीचा नवरा दारात उभा राहिला. तो रात्रपाळीचा पहारेकरी. फळीच्या भिंतीपलीकडे पहाटे येऊन झोपायचा.

"मावशी, रात्रभर जागायचा मला पगार मिळतो. सकाळी फुकट का जागवता?"

तो हसला, मावशीही हसली. आणि साखर पुन्हा सुरू झाली.

पुढे खालच्या दोन दाढांत पू झाला. पोरगी एका बाजूने चावू लागली, हसताना तोंडावर तळहात धरू लागली. डॉक्टरीणबाईंनी एका दुपारी तिला खुर्चीत बसवून पाहिलं.

"सहा दात काढावे लागतील, तेही पूर्ण भूल देऊन. माझं मी काही घेणार नाही, मावशी. पण भूल देणारे बाहेरून येतात, शस्त्रक्रियेची खोली भाड्याची असते." त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. त्याच खुर्चीत सकाळी एका मुलाच्या दाढेवर चंदेरी टोपी बसली होती. निघताना त्याने मावशीला ती मोठा आ करून दाखवली होती.

सरकारी रुग्णालयाने तारीख दिली ती सात महिन्यांनंतरची. लहान मुलांसाठी आठवड्यातला एकच दिवस, एकच टेबल. ते सात महिने दुखण्यावरच्या गुलाबी औषधावर निघाले. औषधही गोडच होतं.

ठरल्या दिवशी मावशीने दोन्हीकडे रजा टाकली. आदल्या रात्रीपासून पोरीच्या पोटात काही जाऊ द्यायचं नव्हतं. पाचला मावशीला जाग आली. तिने स्टोव्ह पेटवला, दूध कोमट केलं, दोन चमचे साखर ढवळली, बाटली उशाशी ठेवली आणि बादल्या घेऊन ती नळावर गेली. दुसरी बादली निम्मी भरली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आज जिने झाडायला जायचं नाही, पोरीला उपाशीपोटी न्यायचं आहे. बादली तशीच टाकून ती धावत आली. पोरगी झोपेतच चोखत होती. बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती.

मावशीने ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसले.

रुग्णालयात परिचारिकेने विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं?"

"नाही," मावशी म्हणाली. कागदावर तिने सही केली. पोरीला मागून बांधायचा हिरवा झगा घातला. तो जमिनीवर लोळत होता.

"आजी, झोपून उठल्यावर नवे दात असतील?"

"हे जातील आधी. नवे सावकाश येतात."

"किती सावकाश?"

ढकलगाडी आली, मावशीने पोरीचे दोन्ही पंजे ओंजळीत घेतले आणि पोरगी लगेच शांत झाली. भुलीत दूध उलटून फुप्फुसात गेलं की मूल उठत नाही, हे डॉक्टरीणबाई आयांना समजावून सांगत, तेव्हा मावशी तिथेच उभी असे.

"मावशी, सोडा आता हात," परिचारिका म्हणाली.

"पहाटे दूध प्यायली आहे ती."

परिचारिका थांबली. "कुणी दिलं?"

"मीच."

"तुम्हाला तीनदा बजावलं होतं ना?"

"हो. मी स्वतः लोकांना बजावते."

परिचारिकेला हे उद्धटपणाचं वाटलं. आतल्या तरुण डॉक्टरने मात्र आवाज चढवला नाही. सांगितलंत ते बरं केलंत, एवढंच तो म्हणाला. नवी तारीख आठ महिन्यांनंतरची मिळाली. पोरीच्या अंगावरचा झगा उतरवून बाहेर थांबलेल्या दुसऱ्या मुलाला चढवण्यात आला. आज कुणी सुई टोचली नाही म्हणून घरी येताना पोरगी खुशीत होती, आणि तोंडावर हात धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशीने बाटलीत पाणी भरून ती उशाशी ठेवली. पोरीने झोपेतच एक घोट घेतला, निपल जिभेने बाहेर ढकललं आणि रडण्याआधी मुलं घेतात तसा लांब श्वास घेतला. फळीपलीकडे पहारेकऱ्याची खाट नुकतीच करकरली होती. मावशीने बाटली उचलली, पाणी ओतून दिलं, स्टोव्ह पेटवला. दुधात साखर एकच चमचा घातली. बोटावर थेंब घेऊन चाखला. पाणी कळत होतं.

तिने दुसरा चमचा घातला, बाटली पोरीच्या हातात दिली आणि कडी लावून ती जिने झाडायला निघाली.