बहात्तर पायऱ्यांची तक्रार

दवाखान्यात सगळे त्यांना गच्चीवरच्या मावशी म्हणत. नुसतं ‘वरच्या मावशी’ म्हटलं असतं तर सुटसुटीत झालं असतं. पण ‘मावशी कुठे?’, ‘वर गेल्या’ असलं बोलणं पेशंटच्या नातेवाइकांच्या कानावर पडलं की त्यांचा चेहरा पाहवत नसे.

काम एकच. तळघरात धुतलेल्या चादरी गच्चीवर न्यायच्या, वाळत घालायच्या आणि वाळल्या की घड्या करून खाली आणायच्या. लिफ्ट माणसांसाठी, ओल्या कपड्यांसाठी नाही. त्यामुळे बहात्तर पायऱ्या. एकोणीस वर्षं मावशी त्या चढत होत्या आणि एकोणीस वर्षं कुरकुरत होत्या. ऊन, गुडघे, कबुतरं, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. ‘या पायऱ्या बांधणाऱ्याच्या आईला एकदा चढवायला हवं होतं!’ हे वाक्य दुसऱ्या मजल्यावर ऐकू आलं की नर्सेस ओळखायच्या, साडेनऊ वाजले.

कुरकुर जिन्यातच संपायची, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. शेवटच्या चादरीला चिमटा लागला की पुढचा तासभर काम उन्हाचं. मावशी टाकीच्या सावलीत बादली पालथी घालून बसायच्या. घरांच्या पलीकडे टेकडी, तिच्यावर ढगांच्या सावल्या चढायच्या आणि उतरायच्या. घारी पंख न हलवता तरंगायच्या. वारा आला की चादरी फुगायच्या. कुणी त्यातल्या एकीवर पहिल्यांदा आईच्या कुशीत झोपलेलं असायचं, कुणी शेवटचं. वाऱ्याला फरक पडत नव्हता, तो सगळ्यांना सारखाच फुगवायचा. सकाळी नवऱ्यावर धरलेला राग दुसऱ्या दोरीपर्यंत कसाबसा टिकायचा. देवासमोर हात जोडताना मावशींच्या मनात भाजी काय करायची ते यायचं. इथे तेही यायचं नाही.

आणि एक दिवस मेट्रनबाई हसतहसत म्हणाल्या, “मावशी, सुटलात! तीन वर्षं डॉक्टरांच्या मागे लागले होते. कपडे वाळवायचं मशीन येतंय. तळघरात, पंख्याखाली, खुर्चीवर बसायचं. बटण दाबायचं. सोमवारपासून.”

‘बरं झालं,’ मावशी म्हणाल्या आणि ओल्या चादरींची बादली उचलून जिन्याकडे वळल्या.

घरी तर आनंदीआनंद. “देव पावला म्हण,” नवरा म्हणाला. “अगं, बसून पगार!”

“आई, आता गुडघ्याचं तेल निम्मंच आणते,” सून म्हणाली. ती आठवड्यातून दोनदा मन शांत करायच्या वर्गाला जायची. मावशींचा चेहरा बघून म्हणाली, “तुम्हीही चला ना माझ्याबरोबर. डोळे मिटायचे आणि समोर नदी वाहतेय असं समजायचं.”

“नदी नसताना?”

“हो, नसतानाच.”

मावशी सांगणार काय? गच्चीवर बरं वाटतं म्हणावं, तर एकोणीस वर्षांची तक्रार खोटी ठरणार. आणि ती तर अगदी खरी होती, गुडघे साक्षीला होते.

सोमवारी मशीन गुरगुरायला लागलं. ट्यूबलाइटच्या उजेडात सकाळ आणि दुपार एकाच रंगाच्या. चादरी बाहेर आल्या, गरम आणि चुरगळलेल्या. सकाळी नवऱ्याने ओला टॉवेल पलंगावर टाकला होता. तो राग संध्याकाळी पाच वाजताही जसाच्या तसा होता. मावशींनी तो घरी नेला आणि जेवणाबरोबर वाढला. मंगळवारच्या रागाची त्यात भर पडली. बुधवारी त्या वॉर्डातल्या आयाबाईंवर अशा खेकसल्या, की त्या बिचारीच्या हातातलं बोचकं खाली पडलं. ते उचलून देताना मावशींना स्वतःचीच लाज वाटली.

गुरुवारी त्या मेट्रनबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

“बाई, मला परत वर पाठवा.”

“मावशी! पायऱ्यांची तक्रार कुणी केली होती? मी?”

“मीच केली. खरी होती.”

“मग?”

“पायऱ्यांची होती, बाई. गच्चीची नव्हती.”

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. “असं आहे तरी काय गच्चीवर?”

मावशी जिन्याकडे वळल्या. “चला,” एवढंच म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मेट्रनबाई कधी वर गेल्या नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला. “या पायऱ्या बांधणाऱ्याच्या...”

“आईला एकदा चढवायला हवं होतं,” मावशींनी वाक्य पुरं केलं.

वर रिकाम्या दोऱ्या वाऱ्यावर हलत होत्या. मेट्रनबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. “इथे तर काहीच नाही!”

मावशींनी टाकीमागची बादली आणून पालथी घातली. “बसा.”

मेट्रनबाई धापा टाकत बसल्या. धाप ओसरली. ढगाची एक सावली टेकडीच्या पायथ्याशी आली आणि सावकाश वर चढायला लागली. फोन वाजला. त्यांनी तो बघितला आणि पुन्हा खिशात टाकला. सावली माथ्यावर पोचून पलीकडे उतरली.

“मशीनमध्ये उशांचा गोळा होतो म्हणे?” बऱ्याच वेळाने मेट्रनबाई म्हणाल्या.

उशा अजून कुणी मशीनमध्ये घातल्याच नव्हत्या. “होतो की,” मावशी म्हणाल्या.

“उशांना, ब्लँकेटांना ऊन हवंच.”

“हवंच, बाई.”

“चादरी दुसरं कुणी बघेल. पण गुडघ्यांचं नाव पुन्हा काढलंत तर याद राखा!”

मावशींनी शब्द पाळला. गुडघे आता फक्त घरी दुखतात आणि तेल पूर्वीइतकंच लागतं. दवाखान्याचा जिना मात्र शांत नाही. रोज अकराच्या सुमारास मेट्रनबाई धापा टाकत, त्या बांधणाऱ्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करत वर येतात. मावशी चकार शब्द काढत नाहीत. पावलं चौथ्या मजल्यावर आली की त्या उठतात आणि दुसरी बादली पालथी घालून ठेवतात.