खाली ठेवलेली किटली

धारोष्ण दुधाचा वास आला की मला शिवाजी पेठेतला गवळ्याचा कोपरा आठवतो. तिथं संध्याकाळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे. मी सात-आठ वर्षांची, बोलताना अडखळायची. त्या दिवशी माझा नंबर आला आणि ‘पावशेर’मधला ‘पा’च पुढं सरकेना. एक पोरगा ‘पा-पा-पा’ करून हसला, त्याचं बघून दुसरा, मग पोरांची अख्खी रांग. “बोल की पोरी, म्हस थांबणार हाय व्हय?” गवळी ओरडला. मी रिकामा तांब्या घेऊन पळणार, एवढ्यात माझ्या मागं उभी असलेल्या, कल्हईवाल्याच्या मुलीनं हातातली किटली खाली ठेवली आणि माझ्याकडं बघत निवांत उभी राहिली. तिचं बघून शेजारच्या मुलीनं चरवी टेकवली, मग एकेकानं, शेवटी त्या पहिल्या हसलेल्या पोरानंही. फरशीवर भांडी टेकत गेली, तसं हसू विरत गेलं. “पावशेर,” मी म्हणाले. गवळ्यानं तांब्या फेसानं काठोकाठ भरला. “घे, थांबली बघ म्हस!” त्या मुलीचे आभार मानायचे राहूनच गेले; पण आजही समोरचं माणूस बोलताना अडलं, की हातात असेल ते मी आधी खाली ठेवते.