निघंल, पण बसंल का?

मोटार शोमध्ये मी एका अमेरिकन गाडीचं छप्पर काढलं. म्हणजे, डोंगर चढणाऱ्या तीन थोराड गाड्या मांडल्या होत्या, त्यांतल्या सर्वांत महागडीत बसून मी छत सुटं करायच्या वरच्या कड्या सहज फिरवून पाहिल्या आणि छताचा एक तुकडा सुटून माझ्या डोक्यावर आला.

सोबत शेजारचे काका होते. परभणीत आमची भिंतीला भिंत आहे. हा माणूस लोणच्याची बरणी उघडतानासुद्धा आधी विचारतो, "निघंल, पण बसंल का?" आणि झाकण हरवू नये म्हणून खिशात घालतो. त्यावरून मी गल्लीभर त्यांची टिंगल केली आहे.

काका दुसऱ्या बाजूनं आत चढले आणि त्यांनी तो तुकडा माझ्या डोक्यावरून अलगद तोलून धरला. स्टॉलवरच्या मुलीचा चेहरा पडला होता. कड्यांना कुणाचा हात लागला तर उद्यापासून येऊ नकोस, असं तिला सकाळीच बजावून गेलेला साहेब समोरूनच येत होता.

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "साहेब, पोरगी नको नको म्हणायली होती. मीच ऐकलं न्हाई. म्हाताऱ्याला हौस लय."

साहेबानं त्यांचे पांढरे केस पाहिले, छप्पर बसवून घेतलं आणि मुलीला काही न बोलता निघून गेला.

घरी पोचल्यावर मी दारातच काकांचे आभार मानायला लागलो. ते माझ्या बायकोकडे वळले.

"सूनबाई, ह्यांना आत घ्या. पण दाराची कडी तुमीच लावा."