पेटी नसलेलं मंडळ

आमच्या मंडळात पेटी नव्हती. डफ, ढोलकी, तुणतुणं आणि माझी मंजिरी, बस्स. बाकीची मंडळं सिनेमाच्या चालींवर गाणी बसवत होती, तेव्हा सौंसरच्या शाळेतल्या आमच्या गुरुजींनी गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांकडून जुनी गाणी लिहून आणली. मी पांढुर्ण्याला कापसाच्या जिनात कारकून. रविवारी मोटारीनं तालमीला जायचो. आधी लोक हसले. मग लोधीखेडा, सावरगाव, सगळीकडून बोलावणी यायला लागली. नागपूरच्या एका मेळाव्यात तर आम्ही लागोपाठ तीन वर्षं गायलो.

मग राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. मेळाव्यातून पत्र आलं, यंदापासून फक्त आपल्या राज्यातली मंडळं. गुरुजींनी भोपाळच्या एका कार्यक्रमासाठी अर्ज केला. उत्तर आलं, आधी छिंदवाड्याला गाऊन दाखवा, पण गाणी हिंदीत हवीत.

"आता हा डफ कोणत्या राज्यात नेऊन ठेवू?" गुरुजी म्हणाले.

"हिंदीत करून पाहू ना," मी म्हटलं. व्यापाऱ्यांशी बोलून बोलून मला हिंदी येत होती. हट्ट धरून मीच एक गाणं हिंदीत केलं. छिंदवाड्याला ते गायला उभे राहिलो, तर शब्द तालात बसेनात. ढोलकीवाला मधेच थांबला. समोरचे आपलेच लोक ओरडले, "अरे, मराठीत म्हणा ना!" परत येताना गुरुजी मोटारीत माझ्यापासून लांब जाऊन बसले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली दूरच्या जिल्ह्यात झाली. मंडळ मोडलं.

काही वर्षांनी सावरगावात एका लग्नात आमचंच गाणं ऐकलं. पेटीवर, सिनेमाच्या ठेक्यात! मी तडक गाणाऱ्याजवळ गेलो. "हे काय करून राहिले तुम्ही? याची चाल अशी नाही."

त्यानं वाकून नमस्कार केला. "काका, तुमचंच ऐकून शिकलो. पेटीबिगर आता कोणी ऐकत नाही."

घरी येऊन रागारागात गुरुजींना चार पानं लिहिली. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: गाऊन राहिले ना, मंग गाऊ दे.

मला ते पटलं नाही. अजून पटत नाही.