गेटवाल्या भाऊंची मालगाडी

रूळ नसलेल्या वाटेवर उभं राहून गाडी येते का ते पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आधी पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. हातातली सायकल थांबवून, मान ताणून, अगदी गंभीर चेहऱ्यानं. मी तेव्हा बल्लारपूरला शाळेत शिक्षिका म्हणून नवीनच लागले होते आणि वेड्या माणसांपासून चार हात लांब राहावं, असं मला घरून बजावून सांगितलेलं होतं. त्यामुळे पहिल्या दिवशी मी वाट बदलून परत फिरले.

ती वाट म्हणजे वर्धा नदीच्या काठाकाठानं गेलेला जुना रेल्वेचा भराव. जवळची कोळशाची खाण बंद पडली तशी तिची लाइनही बंद झाली, रूळ उचलून नेले आणि पुरात भराव वाहून जाऊ नये म्हणून त्यावर गिट्टी-डांबर घातलं. झालं, गावाला फिरायला रस्ता मिळाला. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला पळसाची झाडं, आणि कोळशाचे ट्रक तिकडे फिरकत नसत. सकाळी पेपरमिलचे कामगार त्यावरून सायकली हाणत जायचे, संध्याकाळी आमच्यासारखे रिकामटेकडे. मध्यावर फाटकाचा एक लोखंडी खांब तेवढा शिल्लक होता. मला दिसलेले ते गृहस्थ म्हणजे भाऊ, त्याच फाटकावर नोकरीभर होते. खाणीबरोबर त्यांचंही काम संपलं, पण सारं गाव त्यांना गेटवाले भाऊच म्हणायचं.

भाऊ एकटे कधीच नसत. सायकलचं हँडल त्यांच्या हातात आणि सीट धरून पलीकडून त्यांची बायको, सुमनबाई. बाईंना लकवा मारून गेला होता. डावा हात लोंबायचा, डावा पाय फरफटायचा. भाऊ सायकल ढकलत गोगलगायीच्या चालीनं चालायचे आणि तोंडानं अखंड बडबड. "उचल वं पाय. घासू नको. चपलेचे पैसे काय तुया बाप देते?" बाईही कमी नव्हत्या. "माया बापाचं नाव काढू नका. तुमच्या चपला तर त्यानंच घेतल्या होत्या लग्नात." येणारा-जाणारा हसायचा. जाताना चालत आणि येताना बाई कॅरिअरवर, भाऊ पायडल मारत, असा त्यांचा रोजचा नेम.

फाटकाच्या खांबापाशी आले की भाऊ सायकल कडेला घ्यायचे. "थांब. मालगाडी आहे." मग दोघंही खांबाला टेकून उभे. कधी गाडी पटकन निघून जायची, कधी बराच वेळ लागायचा. "आज लंबी आहे वं," भाऊ म्हणायचे. थोड्या वेळानं "गेली. चाल," म्हणून पुढे निघायचे.

ओळख झाल्यावर एकदा मी न राहवून विचारलंच, "भाऊ, कोणती गाडी येते हो ही?" भाऊ नुसते हसले. उत्तर बाईंनी दिलं, तेही ते सायकलची चेन बसवायला खाली वाकले तेव्हा, हळू आवाजात. "मले दम लागला का याहीची मालगाडी येते, म्याडम. मी थांबा म्हणत नाई ना! मेली तरी म्हणणार नाई. याहीले माहीत आहे माया सोभाव." लग्नाला वर्ष झालं होतं माझ्या, आणि आमच्या घरी कोण दमलं ते अजून कोणी कोणाला विचारत नव्हतं.

बाईंना एकच ध्यास होता. भरावाच्या टोकाला विहार होतं आणि बुद्धपौर्णिमेला तिथे वस्तीतली सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत जमायची. आदल्या साली भाऊंनी त्यांना कॅरिअरवर बसवून नेलं होतं. बायका चुकचुकल्या, दोघीतिघींनी धरून उतरवलं, ते बाईंना जिव्हारी लागलं. "पुढच्या पौर्णिमेले आपल्या पायानं जाईन, नाई तर जाणारच नाई," असं त्यांनी तिथेच सांगून टाकलं. तेव्हापासून ही तालीम सुरू होती. दिवाळीला त्या फाटकापर्यंत पोचल्या. होळीला फाटकाच्या पुढच्या मोरीपर्यंत. तिथून विहाराचा कळस दिसायचा. त्या दिवशी भाऊंनी टपरीवरून सगळ्यांना चहा पाजला आणि बाईंना म्हणाले, "आता मले सोडून पळजो नको."

उन्हं तापू लागली आणि मालगाडीचं काही खरं राहिलं नाही. ती कुठेही यायला लागली. फाटकाच्या अलीकडे, मोरीवर, एकदा तर निघाल्या निघाल्या. बाईंचा चेहरा मात्र ताजातवाना असायचा. एका संध्याकाळी त्यांनी भाऊंना अडवलंच.

"अजी, माया पायाले तर काई नाई झालं. मंग गाडी काऊन आली?"

भाऊ छातीवर हात ठेवून खांबाला टेकले होते. घामानं सदरा भिजला होता. "एखांदी मायी बी येऊ दे वं," ते म्हणाले.

"डॉक्टरले दाखवा आधी."

"दाखवतो ना. पौर्णिमा होऊन जाऊ दे. आता मधात खंड पडला का तुया पाय पुन्हा आखडन."

बाई रडल्या, रागावल्या, एक दिवस घराबाहेर पडायचंच नाही म्हणून बसल्या. मीही बोलून पाहिलं. भाऊंनी दोघींचं हसून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सायकल दारात लावून घंटी वाजवत उभे राहिले. या माणसाचा मला आजही राग येतो. इतकं प्रेम करणाऱ्या माणसानं आपल्या जिवाची थोडी तरी काळजी घ्यायला नको होती का?

पौर्णिमा तोंडावर आली असताना भाऊ गेले. भर दुपारी, घरातच, पाणी मागितलं आणि ते येईपर्यंत संपले.

स्मशानघाट विहाराच्या पलीकडे होता, म्हणजे वाट तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्ययात्रा निघाली. बाईंना रिक्षानं रस्त्यावरून नेऊ, असं लोकांचं चाललं होतं. बाईंनी मान हलवली. मी दारातली सायकल काढून त्यांच्याजवळ नेली. त्यांनी सीटवर क्षणभर हात ठेवला आणि काढून घेतला. "तुमी आना मांगून," म्हणाल्या आणि तिरडीच्या पुढे झाल्या. पांढरं लुगडं, डावा पाय फरफटत, कुणाचा हात न धरता. पुढे त्या, मागे तिरडी, त्यांच्या मागे वस्ती. सगळे त्यांच्या चालीनं चालत होते. त्रिशरण म्हणणाऱ्यांचे आवाजही संथ झाले होते.

फाटकाच्या खांबापाशी बाई थांबल्या. एकानं पुढे होऊन म्हटलं, "दमल्या का बाई? बसा थोडं."

"मी नाई दमली," बाई म्हणाल्या. "तुमी बाजूनं व्हा जी. मालगाडी आहे."

खांदेकरी एकमेकांकडे पाहू लागले. भाऊंबरोबर लाइनीवर काम केलेला एक म्हातारा खांद्याला होता. तो कडेला सरला, तसे बाकीचेही सरले. ती मोकळी वाट सोडून आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. बाईंनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मागे पाहताना त्यांची नजर तिरडीवर थांबली.

"लंबी आहे," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या. याहीले दम लागला असन."

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"गेली. चाला."

विहारावरून त्या तशाच पुढे गेल्या, थेट घाटापर्यंत, आपल्या पायानं. मी सायकल ढकलत मागून चालत होते. तिची सीट धरायला पलीकडे कोणी नव्हतं.