पिंजाऱ्याच्या दारातली झडती

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी पानाचा डबा उचलून ओसरीवर जाणारा माणूस... पेशाच तसा होता. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा मी अमरावतीत एका विमा कंपनीचा तपासनीस होतो. कुणावर पटकन विश्वास न ठेवण्याचाच पगार मिळायचा!

चांदूर बाजारच्या रहीमभाई पिंजाऱ्यांची कापसाची एक खोली जळाली. पॉलिसीत अट होती—कापसाजवळ आगपेटी, बिडी, दिवा न्यायचा नाही. अट मोडली असेल तर क्लेम बाद, आणि क्लेम बाद म्हणजे रहीमभाईंचा धंदाच बसला.

मी भर दुपारी पोचलो. शेजारची खोली वाचली होती. तिच्या उंबऱ्यावर बसलेल्या म्हातारीनं मला अडवलं.

"कावून रे बाबू, खिशात काय हाय? आगपेटी? ठेव त्या कोनाड्यात. माया रहीम कोणालेच अंदर नेऊ देत नाई."

"आजी, मी कंपनीचा माणूस आहे."

"मंग तुले तर जास्त समजाले पायजे!"

लोकांची झडती घेणारा मी, मुकाट्यानं आगपेटी ठेवली. म्हातारी मला फार आवडली. रिपोर्टात लिहिलं—विमेदाराची आई स्वतः झडती घेते, अट पाळली जाते.

कंपनीच्या अकोल्याच्या कचेरीतल्या साहेबांनी तिची जबानी मागितली आणि स्वतःच माझ्याबरोबर आले.

"अम्मी?" रहीमभाई गोंधळले. "साहेब, अम्मीले जाऊन लय वर्सं झाली. पॉलिसी तर मंग काढली. कोनाड्याची रीत तिचीच... आमी आजबी मोडत नाई."

रिपोर्ट खोटा ठरला, क्लेम गेलाच! साहेब माझ्याकडं रागानं बघत तरातरा खोलीकडं निघाले... आणि उंबऱ्याशी थबकले. खाली बघत त्यांनी खिशातली आगपेटी काढून कोनाड्यात ठेवली. "हो, आजी," म्हणाले.

परत आले तेव्हा आवाज पार मऊ झाला होता. "रहीमभाई, क्लेम मंजूर करतो. आणि... तुम्ही सकाळपासून जेवला नाहीत म्हणे. आधी जेवून घ्या, असा निरोप आहे."

साहेब थबकले तेव्हा उंबऱ्यावर मला तरी कोणी दिसलं नव्हतं. साहेब पुढं या विषयावर कधीच बोलले नाहीत, आणि मलाही आजवर काही उलगडलेलं नाही. रहीमभाईंना मात्र उलगडायचं काही नव्हतंच. डोळे पुसत त्यांनी बायकोला हाक मारली, "ताट वाढ बरं... अम्मी रागावून राहिली."